बांधीतले निदान आणि आकाशातले चित्र : धानपट्ट्यातील एक दुर्लक्षित व्यवसाय

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा प्रामुख्याने धानाचा आहे. मालगुजारांच्या काळात बांधलेले मामा तलाव आणि इटियाडोहसारखी धरणे यांच्या पाण्यावर येथील बांध्या भरतात, आणि रोवणीच्या मजुरीपासून राईस मिलपर्यंत गावाचा व्यवहार धानाच्या लोंबीवर चालतो. त्यामुळे त्या लोंबीला काय झाले आहे हे वेळेत ओळखणारा माणूस गावाला हवा असतो. पाल्याच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या पालकांनी या कामाकडे एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून पाहणे आवश्यक आहे.

पीक-आरोग्य सर्वेक्षण म्हणजे ठरावीक शेतांत ठरावीक दिवसांनी जाऊन कीड व रोग मोजणे, त्या नोंदी एकत्र करणे आणि नुकसान होण्यापूर्वी सल्ला देणे. सोयाबीनवरील अळ्यांच्या २००८ मधील उद्रेकानंतर महाराष्ट्राने २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प याच पद्धतीने चालवला असून त्यात धानाचाही समावेश आहे. फवारणी कधी करायची हे येथे आर्थिक नुकसानीच्या पातळीवरून ठरते. किडीची संख्या ज्या टप्प्यापुढे गेल्यावर तिने केलेले नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा मोठे होते, त्या टप्प्याला ही संज्ञा आहे. तो टप्पा गाठण्यापूर्वीच भीतीपोटी फवारणी केल्यास, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वापरल्यास, धानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना खाणारे कोळी व मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात. चुकीच्या सल्ल्याची किंमत अशी दुहेरी असते. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भात तुडतुड्यांनी धानाची एवढी हानी केली की कापसावरील बोंडअळीबरोबर त्यांनी केलेल्या नुकसानीसाठीही राज्य शासनाला मदत जाहीर करावी लागली.

उपग्रह आणि ड्रोन आल्यावर बांधीत उतरणाऱ्या माणसाची गरज संपेल, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. तो चुकीचा आहे. पानांनी परावर्तित केलेल्या लाल व अवरक्त प्रकाशाच्या प्रमाणावरून पिकाचा हिरवेपणा मोजता येतो, परंतु तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या वर, सावलीत बसून रस शोषतात, आणि आकाशातून त्यांचा परिणाम दिसू लागतो तेव्हा बांधीत करपलेले गोल चट्टे पडलेले असतात. शिवाय खरिपात ढग असतात. ढगांतून पाहणारी रडार चित्रे पिकाची वाढ सांगतात, पण पळींज (दाणे न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या) पडली ती खोडकिड्यामुळे की अन्य कारणाने, हे ती सांगत नाहीत. पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून धानाच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाधारित तंत्राला स्थान मिळाल्याने चित्र आणि बांधी या दोहोंना जोडणाऱ्या व्यक्तीचे महत्त्व वाढले आहे.

हे कौशल्य एका पिकापुरते राहत नाही. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे खाद्यतेल-पामतेल अभियान मंजूर केल्यानंतर शेजारच्या तेलंगणात तेलताडाची लागवड वेगाने विस्तारली. हेक्टरी सुमारे १४३ झाडे, उत्पन्नासाठी तीन-चार वर्षांची प्रतीक्षा आणि घड तोडल्यावर लवकरात लवकर, साधारण एका दिवसात, गाळप, अशी ही शेती असल्याने शेतकरी कारखान्याशी बांधला जातो आणि एका झाडाचा रोगही त्याला परवडत नाही. तेथे झाडनिहाय नोंद ठेवणारे प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. मात्र पाणी, मजुरी आणि भाव यांचा गावावर होणारा परिणाम न समजणारा तंत्रज्ञ अशा ठिकाणी अपुराच ठरतो.

शिक्षणाचा मुख्य मार्ग बारावी विज्ञान, राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि कृषी पदवीची चार वर्षे असा आहे. पुढे कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते; अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची साकोली व सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्रे या भागाला जवळची आहेत. गणित व संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे, तर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात या क्षेत्राचे काम चालते. दहावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना मान्यताप्राप्त संस्थेतून ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. तथापि केवळ ड्रोन उडवणे हे मोसमी काम आहे, आणि त्यावर संपूर्ण कुटुंबाचा भार टाकणे धोक्याचे आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शैक्षणिक अर्हता आवश्यक झाल्यामुळे कृषी पदवीधराला तालुक्याच्या गावी स्वतःचे सेवा केंद्र काढण्याचाही पर्याय उरतो, आणि योग्य सल्ल्याने गावाचे हित तेथेच सर्वाधिक साधता येते.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने येत्या सप्टेंबरात आठवड्यातून एकदा बांधीत उतरावे, वीस चुडे बाजूला सारून प्रत्येकाच्या बुंध्याशी बसलेले तुडतुडे मोजून वहीत लिहावेत, आणि पालकांनी ती वही महिनाअखेर शांतपणे पाहावी.