बाण घेण्याआधी

सातारा

चि. मृण्मयीस,


ताईकडून कळलं की जिल्ह्याच्या तिरंदाजी संघात तुझी निवड झाली, आता नवे बाण हवेत, आणि कोणते तेही तू ठरवून बसली आहेस: ओजसचे आहेत तसेच. हट्ट मला समजतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ओजस देवतळेनं अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले आणि आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तेव्हापासून इथल्या पोरांनाही सगळं त्यांच्यासारखंच हवं असतं. पण चष्मा कितीही महागाचा असो, दुसऱ्याच्या नंबरचा लावून वाचता येत नाही. बाणाचंही नंबरावरच चालतं.

तो नंबर म्हणजे स्पाइन. शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि मधोमध 1.94 पौंडांचं, म्हणजे साधारण 880 ग्रॅमचं वजन टांगायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन 500, 0.4 इंच वाकला तर 400. म्हणजे आकडा लहान तितका शाफ्ट ताठ. नवी मुलं नेमकं हेच उलटं धरून बसतात.

वाकणं मोजायचं कशाला? दोरी बाणाला मागून ढकलते, पुढचा जड पॉइंट पटकन हलत नाही, आणि त्या ओढाताणीत मधला शाफ्ट लचकतो. बोटांनी सोडलेला बाण आडवा लचकतो; तू दोरी सोडायला रिलीजर वापरतेस, म्हणून तुझा मुख्यतः वर-खाली. लचकणं टळत नाही. ते दर वेळी सारखं व्हावं, एवढंच आपल्या हातात.

पाउंडेज, म्हणजे धनुष्याची ओढ, वाढवलं, शाफ्ट लांब ठेवला किंवा पॉइंट जड लावला, की बाण जास्त लचकतो. उलट केलं की ताठ वागतो. म्हणून आधी तुझं माप, मग बाण. सरांना धनुष्य काट्याला लावून पाउंडेज मोजायला सांग. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या पात्यावर, छापलेला आकडा धरू नकोस. पात्याचा बोल्ट किती सैल केलाय त्यावर खरा आकडा बदलतो. समजा 40 पौंड भरले आणि बाण 27 इंचांचा ठरला, तर कंपनीचा तक्ता तुला बहुधा 600 च्या आसपास नेईल. 60 पौंड ओढणाऱ्या उंच माणसाचा बाण याहून कितीतरी ताठ असतो. तुझ्या धनुष्याला तो लाकडाच्या काठीसारखा. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलीस तर मात्र ताठ बाजूचा घे. तुझं कंपाउंड धनुष्य थोडा ताठ बाण चालवून घेतं, लुळा नाही.

वजनाचा हिशेबही कागदावर मांड. शाफ्ट इंचाला 6.5 ग्रेनचा असेल, तर 27 इंचांचे साधारण 175, पॉइंटचे 100, नॉक (दोरीत बसणारी मागची खाच) आणि पिसांचे तीसेक. झाले 305 ग्रेन, जेमतेम वीस ग्रॅम. पौंडामागे किमान 5 ग्रेन हा जुना दंडक; 40 पौंडांना 200. त्याखाली गेलीस तर बाण सुसाट सुटतो खरा, पण त्यात न गेलेला जोर धनुष्यालाच सोसावा लागतो. बाण न लावता दोरी सोडू नये म्हणतात, तेही याचसाठी.

आता माझा मूर्खपणा ऐक. कार्बनचा पहिला डझन आणला तेव्हा वेगाच्या हव्यासानं सगळे शाफ्ट रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, जेमतेम पुढे येतील इतके आखूड कापून घेतले. चार महिन्यांत उभं राहणं सुधारलं, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, पाऊण इंचानं वाढवावी लागली, आणि पूर्ण ओढल्यावर पॉइंट रेस्टच्या मागे उतरायला लागला. तसा बाण सुटता तर हातात घुसला असता. अख्खा डझन माळ्यावर गेला. तू तर अजून उंच होते आहेस. इंच-दीड इंच जास्तीचा ठेव, आणि तक्त्यात ती जास्तीची लांबीच धर. पुढे कापता येईल, जोडता येणार नाही.

जाडीत फार अडकू नकोस. 50 मीटरला बारीक शाफ्ट वारा कमी खातो. 18 मीटरच्या इनडोअरला जाड शाफ्ट रेषेला टेकून वरचा गुण मिळवून देतो. नियमाची मर्यादा 9.3 मिलिमीटर. तुझी स्पर्धा 50 ची आहे, तेवढंच बघ.

सरळपणाला .001 इंच म्हटलं की किंमत चढते, तुला .003 भरपूर झालं. वाचलेल्या पैशात एकाच खेपेतले बारा घे, वजनकाट्यावर एकेक तोल, प्रत्येकावर क्रमांक टाक. वेगळा भरेल तो सरावाला. सात नंबरचा बाण नेहमीच डावीकडे जात असेल तर स्वतःला कोसण्याआधी त्याचा नॉक थोडा फिरवून बघ.

आणि एक रोजचं काम, ते चुकवायचं नाही. सोडण्याआधी बाणावरून बोट फिरव, मग दोन्ही टोकं धरून तोंडापासून लांब, हलकेच वाकव. पाव फेरी फिरव, पुन्हा वाकव. पापड मोडल्यासारखा बारीक ‘कट्’ ऐकू आला की तो बाण तिथंच मोडून टाक. तडकलेला कार्बन दोरी सुटताना फुटतो आणि त्याच्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. किंमत आठवून जीव हळहळेल, तरी मोड.

पैसे मी देणार, हे ताईला सांगितलंय. ड्रॉ लेंग्थ, पाउंडेज आणि बाणाची लांबी, हे तीन आकडे स्वतः समोर उभं राहून मोजून घे आणि मला कळव. ओजसचे आकडे मला नकोत. तुझे आले की त्याच दिवशी पैसे पाठवतो.

तुझा,
मामा