मेंढवाड्यातला कुत्रा घरी आला तेव्हा

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ या वाक्याने सुरू होणारा निबंध आपण सर्वांनीच शाळेत लिहिलेला आहे. पुढे प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावरही त्या वाक्यात मला काही खोट दिसली नाही. परंतु एका कुत्र्याबरोबर काही वर्षे काढल्यावर ते वाक्य अपुरे आहे, एवढे मात्र कळले. इमान कोणाशी, आणि ते जडते केव्हा, हे प्रश्न त्या निबंधात कधी आलेच नव्हते. प्रस्तुत लेखात त्यांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

रायबाग तालुक्यात आमची थोडी शेती आहे. पीक निघाले की खतासाठी रानात मेंढ्या बसविण्याची आपल्याकडील जुनी रीत आम्ही अजून पाळतो. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या रानात एका धनगर अज्जांचा तळ पडला होता. तळावरच्या कुत्रीला पाच पिले झाली होती. अरुंद लांबट डोके, खोल छाती, पोटाशी आवळलेली कंबर, उंच सडपातळ पाय अशी तिची ठेवण सरळ मुधोळची होती. वंशावळीचा कागद अर्थातच नव्हता. सात आठवड्यांचे एक पिलू मी मागून घेतले आणि बेळगावला घरी आणले. मुलीने त्याचे नाव सरजा ठेवले. त्याचा एक भाऊ अज्जांनी तळावरच ठेवला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता जातीविषयी थोडेसे. मेंढपाळांच्या कुत्र्यांची कामे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक हाकण्याचे. ब्रिटनचा बॉर्डर कोली हा कुत्रा नजर रोखून, दबत दबत कळप वळवितो. दुसरे राखण्याचे. हिमालयातील गद्दी आणि बकरवाल लोकांचे केसाळ, धिप्पाड कुत्रे रात्री कळपाजवळ बसून बिबळ्या-लांडग्याला दूर ठेवतात. आपल्या दख्खनचा मुधोळ कुत्रा मुळात या दोहोंपैकी एकाही कामासाठी घडलेला नाही. तो नजरेने सावज हेरून वेगाने गाठणारा शिकारी कुत्रा आहे; कन्नडमध्ये त्याला ‘बेटे नायी’ म्हणतात ते उगाच नव्हे. मध्य आणि पश्चिम आशियातील शिकारी कुत्र्यांशी त्याचे नाते असून, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज इकडे आले असे मानले जाते. महाराष्ट्रात त्याला ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या पैदाशीला आश्रय दिला, म्हणून त्याला त्या गावाचे नाव मिळाले. मेंढ्या हाकण्याचे काम आपल्याकडे धनगर स्वतःच शीळ घालून आणि हाका देऊन करतो. कुत्र्याने रात्री वाघरीभोवती, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाभोवती, जागे राहावे आणि लांडग्याची चाहूल लागताच धावून जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

घरात सरजा फार शहाण्यासारखा वागे. मुधोळ म्हणजे सदा धावणारे वादळ, हा समज चुकीचा आहे. सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरविले की उरलेला दिवस तो गोणपाटावर निजून काढी. ताकातल्या ज्वारीच्या कण्या किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, कधी उकडलेले अंडे, एवढ्यावर तो संतुष्ट असे. अंगावर चरबी नाही आणि केस आखूड, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तो थंडीने कुडकुडे. आईने त्याला जुन्या घोंगडीचा अंगरखा शिवून दिला. भुंकणे बेताचेच. परक्याने एकदम हात लावलेला त्याला खपत नसे, पण मुलीच्या अभ्यासाच्या वेळी तो तिच्या पायाशी तासन् तास बसून राही. आम्ही त्याचे कौतुक करीत होतो. आपण कुत्रा ओळखला, असा माझा समज झाला होता.

तो समज २०२१ च्या फेब्रुवारीत गळून पडला. शाळू निघाल्यावर त्याच अज्जांची मेंढरे पुन्हा आमच्या रानात आली. सरजाला त्याचा भाऊ भेटावा या हौसेने मी त्याला गावी नेले आणि बांधावर दोरी सोडली. एक कोकरू कळपातून फुटून पळाले. पुढचे सारे मला नीट आठवतही नाही, इतके ते क्षणात घडले. मी हाक मारीपर्यंत सरजाने कोकराची मान धरली होती. कोकरू वाचले नाही. त्याचा भाऊ मात्र वाघरीच्या सावलीत, दोन कोकरे पाठीला टेकलेली असताना, डोळे किलकिले करून पडला होता.

मी किंमत विचारली. अज्जांनी सांगितली, पैसे मोजून घेतले, आणि ते योग्यच होते. कोकरू म्हणजे त्यांच्या घरचे पीक. माझी मान वर होत नव्हती. तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, कुत्र्याला मारू नगा. तुम्ही त्याला मेंढरू कवा दावलंच न्हाई. ह्यो दुसरा मेंढराच्या पोटाखालीच वाढला.”

वर्गात मी जे वर्षानुवर्षे शिकवीत आलो, तेच अज्जांनी दोन वाक्यांत सांगितले होते. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकाने श्वापदाच्या शिकारीचे टप्पे मांडले आहेत : नजर रोखणे, दबत पुढे सरकणे, पाठलाग, पकड, ठार मारणे. हाकणाऱ्या जातींत पहिले तीन टप्पे प्रबळ असून पुढचे दाबलेले असतात. राखणाऱ्या जातींत ही साखळीच मंद असते. मुधोळसारख्या शिकारी जातीत मात्र पाठलाग आणि पकड शाबूत असतात. मग भावाने कोकराला का धरले नाही? याचे उत्तर स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या श्वानवर्तनाच्या अभ्यासात सापडते. पिलाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ असा असतो, की त्यात जे जीव अवतीभवती असतात ते पिलाला ‘आपले’ वाटू लागतात. भावाने तो सबंध काळ मेंढरांत काढला, आणि पुढेही तो त्यांच्यातच राहिला. सरजाचा निम्म्याहून थोडा अधिक काळ शहरात, माणसांत आणि स्कूटरच्या आवाजात गेला, आणि त्यानंतर वर्षभर मेंढरू त्याच्या दृष्टीसही पडले नाही. एका आईच्या दोन पिलांवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पण सिद्धांत समजण्यास ती पुरेशी आहेत. जात ही शक्यता देते; ती शक्यता कोणाच्या बाजूने उभी राहावयाची, ते संगोपन ठरविते.

घरी मोठा वाद झाला. ‘रक्त चाखलेला कुत्रा घरात नको,’ असे आईचे म्हणणे. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. अखेर सरजा राहिला, पण आमचे नियम बदलले. मोकळ्या रानात दोरी सुटत नाही. पळविण्यासाठी कुंपणाची जागा शोधली. कळपाच्या जवळून त्याला दोरीवर, शांतपणे, पुनःपुन्हा नेले. आता तो मेंढरे पाहून ताणत नाही, तरीही मी त्याची दोरी सोडीत नाही. गेलेला काळ परत भरून निघत नाही, हे मी मान्य केले आहे.

या जातीचे आज कौतुक पुष्कळ आहे. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. २०१६ साली लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात तिची पिले प्रशिक्षणासाठी गेली. परंतु तिचे मूळ काम, सशाची शिकार, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तेव्हा ही जात उरेल ती तळावर, पहाऱ्यावर, आणि आपल्यासारख्यांच्या घरी. म्हणूनच पाळणाऱ्याची जबाबदारी मोठी.

ज्यांना असे पिलू आणावयाचे असेल, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत त्याला कोंबडी, शेळी, मांजर, लहान मुले, सारे शांतपणे दाखवा. पळण्याची जागा नसेल तर आणूच नका. साखळीला बांधलेला मुधोळ झुरतो. रेबीजची लस चुकवू नका. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर पशुवैद्यांना जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ जातींत भुलीच्या काही औषधांचा अंमल फार वेळ टिकतो.

दर वर्षी पीक निघाल्यावर अज्जांचा तळ येतो. ते प्रथम मला विचारतात, “दोरी हाय न्हवं?” मी दोरी वर करून दाखवितो, आणि मगच आम्ही चहाला बसतो.