फुलोरा संपल्यानंतर ग्लॅडिओलसच्या कंदांची काळजी

ग्लॅडिओलसचा शेवटचा फुलदांडा बाजारात गेला की पुष्कळ शेतकरी त्या वाफ्याकडे पाठ फिरवतात. पाणी बंद होते, तण माजते, कधी जनावरेही सोडली जातात. वास्तविक पुढील हंगामाचे पीक यानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत जमिनीखाली आकार घेत असते. या पिकात कंदांवरचा खर्च मोठा असतो. त्यामुळे या काळातील दुर्लक्षाची भरपाई दरवर्षी नवे कंद विकत घेऊनच करावी लागते.

ग्लॅडिओलसचा कंद कांद्यासारखा पाकळ्यांचा नसतो. ते अन्नसाठ्याने फुगलेले खोड असते. लावलेला कंद आपला साठा संपवून सुरकुततो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो. दोहोंच्या सांध्याशी लहान कंदांचा घोस येतो. नव्या कंदाचे पोषण पानांवर अवलंबून असल्याने दांडा कापताना झाडावर किमान चार पाने राखावीत. लांब दांड्याला भाव चांगला मिळतो हे खरे; परंतु जमिनीलगत कापलेला दांडा म्हणजे पुढील वर्षाच्या कंदातून घेतलेली उचल होय. फुले गणेश, फुले प्रेरणा यांसारखे वाण जपून वाढवायचे असतील तर हा मोह आवरलेला बरा.

काढणीनंतर पाणी हलके पण नियमित द्यावे. पाने पिवळी पडू लागल्यावर ते तोडावे व दोन-तीन आठवड्यांनी कंद खणावेत. एखादे झाड उपटून पाहावे. सुमारे पाव हिस्सा लहान कंद तपकिरी झाले असतील तर खणणीची वेळ झाली असे समजावे. खणताना कंदाला जखम होऊ देऊ नये. याचे कारण पुढे येईलच.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने हाच टप्पा सर्वांत नाजूक आहे. हिरव्या पानांवर व कळ्यांवर जगणारे फुलकिडे झाड वाळू लागताच खाली सरकतात आणि कंदाच्या आवरणाखाली दडतात. थ्रिप्स सिम्प्लेक्स ही या पिकावरील जगभर परिचित जात साठवणीतही प्रजनन करते. रस शोषलेला कंद प्रथम चिकट लागतो, नंतर त्याचा पृष्ठभाग तपकिरी, खरखरीत व बुचासारखा होतो. असे कंद उशिरा आणि दुबळे उगवतात, शिवाय कीड नव्या वाफ्यात पोहोचते. शेतात फवारणी करूनही दरवर्षी फुलकिडे येतात अशी तक्रार ऐकली की मी प्रथम मागील वर्षीच्या कंदांची पोती पाहावयास सांगतो. खणल्याबरोबर पाने कंदाजवळून कापून शेताबाहेर नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पानांसकट जुड्या बांधून सावलीत टांगण्याची पद्धत किडीच्या सोयीची आहे.

दुसरा शत्रू म्हणजे ऱ्हायझोग्लिफस वंशातील कंदकोळी. मोत्यासारखा पांढरा, चकचकीत आणि मिलिमीटरपेक्षा लहान असा हा जीव भिंगाशिवाय सहज दिसत नाही. निरोगी, अखंड कंदात तो क्वचितच शिरतो; त्याला जखम किंवा फ्युजेरियम बुरशीची कूज लागते. प्रतिकूल स्थितीत त्याची एक अवस्था अन्न न घेता माश्या किंवा भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून दुसरीकडे जाते. म्हणून कुजका कंद खोलीच्या कोपऱ्यात टाकून ठेवू नये.

खणलेले कंद हवेशीर सावलीत दोन ते तीन आठवडे पातळ थरात वाळवावेत, मग जुना सुरकुतलेला कंद हाताने अलग करावा. फुलकिड्यांचा प्रादुर्भाव असल्यास पूर्ण सुप्त कंद ४६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडवून लगेच गार करून वाळवावेत. येथे तापमापक हवाच. पाणी अंदाजाने तापवल्यास कंद शिजतो. कूज टाळण्यासाठी ०.२ टक्के कॅप्टनच्या द्रावणात अर्धा तास बुडवावेत. पुन्हा सुकवून जाळीच्या पिशव्यांत ४ ते ५ अंशांच्या शीतगृहात सुमारे तीन महिने ठेवावेत. तेथे फुलकिड्यांची वाढ थांबते आणि कंदांची सुप्तावस्थाही मोडते.

हे वेळापत्रक दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यावर बेतलेले आहे. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या ठिकाणी ते जसेच्या तसे चालत नाही. मे महिन्यात तेथील रात्रही २८ अंशांच्या आसपास असते आणि दमट हवेत कंदाचे आवरण कधी खडखडीत वाळत नाही. कोळी व बुरशी दोघांनाही हेच हवे असते. शिवाय आपल्याकडे लागवड होते त्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तेथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, त्यामुळे लागवड पुढे जाते व साठवण लांबते. तेथे वाळवणीसाठी पंख्याचा झोत आणि त्यानंतर शीतगृह यांना पर्याय नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील विस्तार कार्यकर्त्यांनीही हाच धडा घ्यावा. जूनपूर्वी कंद शीतगृहात पोहोचले पाहिजेत.

चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात संपंगी नावाने विकल्या जाणाऱ्या निशिगंधाचा हिशेब वेगळा. त्याचे कंद दरवर्षी काढत नाहीत. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बगलेतील नवे कंद फुलतात. म्हणून वाळलेले दांडे कापून, भर देऊन व निचरा राखून तोच वाफा दोन ते तीन वर्षे चालवता येतो.

परसातील हिपिॲस्ट्रम लिलीला फुले गेल्यावर नवी पाने फुटतात आणि नेमक्या तेव्हा लिलीवरील अळ्या येतात. काळ्या अंगावर पांढरे व नारिंगी ठिपके असलेली अळी पॉलिटेला ग्लोरिओझी या पतंगाची असते. ब्रिथिस क्रिनीची अळी तर पानातून पोखरत कंदापर्यंत उतरते. पानाच्या मागे पुंजक्याने घातलेली अंडी दिसताच पानाचा तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाकावा. पाच-दहा कुंड्यांसाठी कीटकनाशकाची बाटली उघडण्याचे कारण नाही.