आधी फी बघा!

प्रश्न : अमेरिकेत नवनवे शोध लावणाऱ्यांचं एवढं कौतुक असतं. हा त्या लोकांचा मूळ स्वभावच म्हणायचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वभावाचं नंतर पाहू, आधी फी बघा. १७९३च्या कायद्यानुसार अमेरिकेत पेटंटला ३० डॉलर पडत. कारागिराला ही रक्कम जडच, पण उसनंपासनं करून उभी करता येण्याजोगी. इंग्लंडमध्ये त्याच कामाला शंभर पौंडांहून जास्त लागत, स्कॉटलंड आणि आयर्लंडचे पैसे आणखी वेगळे. शिवाय इतक्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे की चार्ल्स डिकन्सने १८५० साली त्यावर एक खोचक गोष्टच लिहिली. तिथला कायदा सुधारला तो १८५२ साली.

शोधकाचा हक्क १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेतच लिहिलेला आहे. पण कलम लिहिल्याने लोकांना नाद लागत नाही. नाद लागला तो १८३६ नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने अर्ज तपासायला जाणकार माणसं नेमली आणि युक्ती खरोखर नवी असेल तरच पेटंट द्यायचं ठरलं. त्यामुळे त्या कागदाला बाजारात किंमत आली. स्वतःचा कारखाना नसला तरी तो विकून पैसे करता येऊ लागले. (याच कायद्याने ब्रिटिशांना मात्र ५०० डॉलर फी लावली. जुना राग!) अर्जासोबत यंत्राचा छोटा नमुना पाठवावा लागे. वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत हे नमुने मांडलेले असत आणि लोक ते हौसेने पाहायला येत. १८४५ साली निघालेलं ‘सायंटिफिक अमेरिकन’ दर आठवड्याला नव्या पेटंटांच्या याद्या छापू लागलं. शेजारच्या गावातल्या लोहाराचं नाव त्यात दिसलं, की आपणही काहीतरी करून पाहावं असं वाटणारच.

हे वारं वकिलांनाही लागलं. उथळ पाण्यात अडकलेली बोट वर उचलण्याच्या युक्तीसाठी १८४९ साली अब्राहम लिंकन यांनी पेटंट घेतलं, क्रमांक ६४६९. ती युक्ती कधी वापरात आली नाही, पण पेटंट नावावर असलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकन अध्यक्ष.

तेव्हा माझ्या मते हा स्वभाव घडवलेला आहे, आणि तोही सगळ्यांसाठी नव्हे. १८५८ साली लिंकन गावोगावी शोधांवर व्याख्यान देऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने निर्णय दिला की गुलामाने लावलेल्या शोधाचं पेटंट ना त्या गुलामाला मिळेल, ना त्याच्या मालकाला.