कानाखालची न दुखणारी गाठ

मध्यंतरी पन्नाशीचे एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. डाव्या कानाच्या पाळीखाली लिंबाएवढी गाठ. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सात-आठ वर्षं झाली. दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही. दोन महिन्यांत मात्र झपाट्यानं वाढली." मी त्यांना डोळे घट्ट मिटायला सांगितले. डावा डोळा पूर्ण मिटेना. माझ्या मनात पाल चुकचुकली.

कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. शिवाय तोंडाच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. बहुतेक गाठी कानाजवळच्या ग्रंथीत होतात आणि त्यांतील सुमारे ८० टक्के साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक. म्हणून टाळूवरची छोटी गाठही दाखवावी.

मग साधी गाठ काढायची कशाला? कारण नेहमी आढळणारी साधी गाठ वर्षानुवर्षे ठेवल्यास काहींमध्ये तिचे कर्करोगात रूपांतर होते. पूर्वी अशी गाठ नुसती कोरून काढीत. मागे राहिलेल्या कणांतून ती पुष्कळदा पुन्हा उगवे. आता भोवतालच्या ग्रंथीच्या भागासह काढतात, त्यामुळे पुन्हा होण्याचे प्रमाण खूप घटले आहे. चेहरा हलविणारी नस याच ग्रंथीतून जाते. तिला जपून शस्त्रक्रिया करायची, म्हणून अनुभवी सर्जनच हवा.

त्याआधी बारीक सुईने पेशी काढून तपासतात. या तपासणीला घाबरू नये. कर्करोग निघाल्यास शस्त्रक्रियेनंतर गरजेप्रमाणे किरणोपचार देतात. संशोधनही पुढे गेले आहे. २०१० मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाचा एक नवा प्रकार ओळखला गेला. त्यात दोन जनुके चुकीने एकमेकांना जोडली जातात. अशा जोडणीवर नेमके काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याचा उपयोग होईल असे रुग्ण थोडेच. मुख्य इलाज अजूनही वेळेवर शस्त्रक्रिया हाच.

त्या शेतकऱ्यांची गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर नसही काढावी लागली. आज ते शेतात जातात, पण चेहरा एका बाजूला ओढलेला आहे.

वाचकहो, गाठ दुखत नाही म्हणजे ती साधी, असे समजू नका. लेप, शेक यांत वेळ घालवू नका. गाठ तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. ती झपाट्याने वाढली, दुखू लागली किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी निघा.