बाळाला लळा कुणाचा लागतो?

मागच्या महिन्यात विहारात महिलांची बैठक झाली. सगळ्या उठल्यावर एक तरुण आई मागे थांबली. तीन घरची धुणीभांडी करते, नऊ महिन्यांचं बाळ आहे. म्हणाली, "सिस्टर, मी चप्पल घातली की हा आकांत करतो. आधी कुणाकडेही जायचा. सासूबाई म्हणतात, तूच कडेवर घेऊन सवय लावलीस. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली." मग हळूच म्हणाली, "थोरलीला शाळेतून घरी बसवलंय. दहा वर्षांची आहे. तिच्याकडे तेवढा राहतो."

आधी दृष्टीचं बोलू. मीठ-मोहरी ओवाळणं आपण सोडलं असं सभेत सांगतो, पण बाळ रडायला लागलं की काळा दोरा कुठून तरी निघतोच. या रडण्याला दोऱ्याची गरज नाही. सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळाच्या मेंदूत एक नवी समज येते. आधी आई नजरेआड झाली की त्याच्यापुरता विषय संपायचा. आता त्याला कळतं की आई कुठेतरी आहे आणि माझ्याजवळ नाही. ती परत येणार, हे मात्र अजून कळत नाही. म्हणून आकांत. अनोळखी माणूस दिसला की तोंड लपवतं तेही याच वयात. बहुतेक बाळांचं हे दीड वर्षाच्या आसपास जोरात असतं, मग उतरत जातं. बाळ बिघडलेलं नाही, त्याला माणसं ओळखता यायला लागली आहेत.

या ओळखीची सुरुवात फार आधी होते. नुकतं जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं, कारण तो त्याने पोटात ऐकलेला असतो. त्याला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढंच. दीड-दोन महिन्यांचं झालं की चेहरा बघून हसतं. आपण हसून उत्तर दिलं की पुन्हा हसतं. लळा असा रोजच्या देवाणघेवाणीतून लागतो.

दूध पाजेल तिचाच लळा लागतो, असं आपण धरून चालतो. ग्लासगो शहरात शॅफर आणि एमर्सन या दोन संशोधकांनी ६० बाळांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांचा अभ्यास १९६४ साली छापून आला. बाळं बहुतेक कामगारांच्या घरातली, म्हणून मला तो जवळचा वाटतो. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेकांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागला होता. आईचा, बापाचा, आजीचाही. आणि सगळ्यात जास्त ओढ नेहमी खाऊ-न्हाऊ घालणाऱ्याचीच नव्हती. जो त्याच्या हाकेला लवकर 'ओ' देतो आणि त्याच्याशी खेळतो, त्याची होती. कामावर जाणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावं. बाळ तुम्हाला विसरणार नाही. घरी आल्यावर पहिला अर्धा तास त्याला द्या. भांडी थांबतील. चहा टाकायला घरात पुरुष असतोच की. आणि त्या पुरुषाने बाळाला आंघोळ घातली, अंगाखांद्यावर खेळवलं, तर त्याचाही लळा लागतो.

आता कडेवरच्या सवयीचं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघर जाऊन आया आणि बाळं पाहिली, पुढे अमेरिकेत बॉल्टिमोरलाही. तिथे असं दिसलं की पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आई लवकर धावली, ती बाळं वर्षाची होताना कमी रडत होती. म्हणजे सासूबाईंच्या म्हणण्याच्या उलट. प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून धावायला हवं असं नाही. हात पिठात असतील तर तिथूनच बोला, आवाजानेही बाळ थांबतं.

राहिली थोरली. बाळ तिच्याकडे राहतं हे खरं, पण म्हणून ती पाळणाघर होत नाही. दहा वर्षांची पोर बाळाशी खेळेल. त्याला ताप चढला, घशात काही अडकलं, तर ती काय करेल? तिची शाळा बुडते हे तर मला बोलताही येईना, इतका राग आला होता.

मी सासूबाईंना बोलावलं. बाळाला सांभाळायला एक-दोन मोठी माणसं हवीत, आणि रोज तीच हवीत. रोज नवी मांडी असली तर बाळ गोंधळतं. सवय एकदम लावायची नाही. आधी चार-पाच दिवस आईने जवळ बसायचं आणि आजीने खेळवायचं. मग आई दहा मिनिटं बाहेर, मग तासभर. निघताना चोरून पळायचं नाही. "येते हं" म्हणायचं, पापा घ्यायचा आणि निघायचं. चोरून गेलात तर बाळ दिवसभर दाराकडे बघत राहतं आणि दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही.

कधी आईचंच मन मेलेलं असतं. बाळ रडतं आणि तिला काही वाटत नाही, झोप नाही, सारखं रडू येतं. तिला नाटकी म्हणू नका, तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. सरकारी दवाखान्यात न्या, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फुकट आहे.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी भाषण केलं. पुढच्या वर्षी कायदा झाला. आज कायद्याने २६ आठवडे रजा आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती मिळत नाही. केंद्राच्या 'पालना' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतच पाळणाघर असतं. आपल्या अंगणवाडीत ते का नाही, हे विचारायला पुढच्या बैठकीनंतर आम्ही दहा-बारा जणी जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाळाला घेऊन.

थोरली सोमवारपासून शाळेत जायला लागली. बाळ सकाळी अजून रडतं. आजीने घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं.