अशीही एक शाबासकी

आपल्या साहित्यशास्त्रात व्याजस्तुती नावाचा एक अलंकार आहे. त्यात वरवर निंदा दिसते, पण आत स्तुती असते. किंवा वरवर स्तुती दिसते आणि आत निंदा दडलेली असते. हा अलंकार केवळ कवींनीच वापरावा असे नाही. जेथे पुष्कळ कलावंत एकत्र बसून एकच काम करतात, तेथे तो रोजच्या बोलण्यातही कानी पडतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद हे असेच एक ठिकाण होय.

अशा वृंदात साठ-सत्तर, कधी शंभरही वादक असतात. व्हायोलिनवादकांच्या रांगेतील एखाद्याला त्याचा सोबती म्हणाला, ‘‘आज तुझा आवाज वेगळा असा ऐकूच आला नाही,’’ तर ती स्तुती समजावी की टीका? रांगेत मिसळून वाजविणे हेच त्याचे काम असेल, तर ही मोठीच पसंती होय. पण त्या दिवशी एकट्याने वाजविण्याचा भाग त्याच्या वाट्याला आला असेल, तर हेच वाक्य बोचरे ठरते. अशी दुहेरी शाबासकी ज्याला वारंवार मिळाली, असा एक वादक एकोणिसाव्या शतकात जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव फ्रान्झ स्ट्रॉस.

फ्रान्झचा जन्म १८२२ मध्ये बव्हेरियात झाला. १८४७ पासून तो म्यूनिकच्या राजदरबारच्या वाद्यवृंदात हॉर्न वाजवीत असे. हॉर्न म्हणजे पितळेच्या लांब नळीचे वेटोळे. ते सरळ केले तर सुमारे बारा फूट भरते. या वाद्याचे वरचे सूर एकमेकांच्या इतके जवळ असतात, की ओठ किंचित ढळला तरी भलताच सूर उमटतो आणि तो साऱ्या सभागृहाला ऐकू जातो. अशा अवघड वाद्यावर फ्रान्झने असामान्य प्रभुत्व मिळविले होते.

त्याच सुमारास बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने रिखार्ड वाग्नर या संगीतकाराला आश्रय दिला. वाग्नरची नवी संगीत नाटके म्यूनिकला होऊ लागली. फ्रान्झची भक्ती मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्यावर. वाग्नरचे संगीत त्याला मुळीच रुचत नसे, आणि हे तो लपवीतही नसे. हा भाग हॉर्नचा नसून क्लॅरिनेटचा आहे, अशी त्याची तक्रार असे. १८६८ मध्ये एका नाटकाच्या तालमी चालू असताना, आता आपल्याच्याने आणखी वाजविणे होणार नाही, असे त्याने सांगितले. वृंदाचा संचालक हान्स फॉन ब्यूलो संतापून म्हणाला, ‘‘मग निवृत्तिवेतन घ्या आणि घरी बसा!’’ फ्रान्झने शांतपणे वाद्य उचलले आणि तो व्यवस्थापकाकडे निवृत्तिवेतन मागावयास गेला! प्रकरण कसेबसे मिटले.

असे असूनही प्रयोगाच्या वेळी फ्रान्झचा एकही सूर हलका पडत नसे. म्हणूनच, हा मनुष्य मोठा असह्य आहे, पण तो हॉर्न वाजवू लागला की त्याच्यावर रागावणे शक्य होत नाही, अशा अर्थाचे उद्गार वाग्नरने काढले. ब्यूलोनेही त्याला हॉर्नवादकांतील योआखिम म्हटले. योआखिम हा त्या काळचा श्रेष्ठ व्हायोलिनवादक होता.

वाग्नरच्या बोलण्याचा पहिला भाग ऐकून चिडावे, की दुसरा ऐकून फुलून जावे? वास्तविक पहिला भाग स्वभावाविषयी होता आणि दुसरा कामाविषयी. मित्राने केलेल्या स्तुतीत स्नेहाचा गोडवा मिसळलेला असतो. तिचे खरे वजन कळणे कठीण. परंतु ज्याला आपला सहवासही नकोसा वाटतो, त्याच्या तोंडून निघालेली स्तुती कामानेच मिळविलेली असते.

फ्रान्झ मात्र या स्तुतीने निवळला नाही. १८८२ मध्ये बायरॉइटला तो वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या नाटकासाठी वाजविण्यास गेला. पण १८८३ मध्ये वाग्नरच्या निधनाची वार्ता येताच म्यूनिकचा सारा वृंद आदराने उभा राहिला, तेव्हा तो एकटा बसून राहिला असे सांगतात. मरणाबरोबर वैर संपावे असे आपण मानतो. दुसऱ्याच्या स्वभावापासून त्याची कला वेगळी काढून पाहण्याचे जे औदार्य वाग्नरने दाखविले, ते फ्रान्झला दाखविता आले नाही.

पुढे त्याच्यावर आणखी एक प्रसंग आला. १८८४ मध्ये ब्यूलो आपला मायनिंगेनचा वृंद घेऊन म्यूनिकला आला. फ्रान्झचा वीस वर्षांचा मुलगा रिखार्ड याची एक रचना त्याने त्या वृंदाकडून, रिखार्डच्याच संचालनाखाली, वाजवून घेतली. कार्यक्रमानंतर फ्रान्झ भरल्या अंतःकरणाने आभार मानावयास गेला. ब्यूलो कडाडला. म्यूनिकमध्ये तुम्ही मला दिलेला त्रास मी विसरलेलो नाही. आज जे केले ते तुमच्यासाठी नव्हे, तुमच्या मुलाच्या अंगी गुण आहेत म्हणून, असे त्याने सुनावले. फ्रान्झ एक शब्दही न बोलता बाहेर पडला.

ही निंदा म्हणावी की स्तुती? ते बोल बापाला झोंबले असतील. पण मुलाविषयीचा याहून निःपक्षपाती अभिप्राय त्याला दुसऱ्या कोणाकडून मिळाला असता? पुढच्याच वर्षी ब्यूलोने रिखार्डला मायनिंगेनला आपला साहाय्यक नेमले. त्याच वर्षी त्याने रिखार्डची आणखी एक रचना तेथे सादर केली. ती होती हॉर्नसाठी लिहिलेली. त्या वाद्याचा सूर रिखार्ड लहानपणापासून कोणाच्या हातून ऐकत आला होता, हे ब्यूलोला कोणी सांगावयास नको होते.

स्वाध्याय

१. ‘आज तुझा आवाज वेगळा ऐकू आला नाही’ या वाक्याचे दोन अर्थ कोणते?
२. वाग्नरच्या उद्गारांत निंदा कशाची आहे आणि स्तुती कशाची?
३. ब्यूलोचे बोलणे ऐकून फ्रान्झ काही न बोलता निघून गेला. त्या वेळी त्याच्या मनात कोणते विचार आले असतील, ते आठ-दहा ओळींत लिहा.